गाडीच्या शिटीनंतरचा तास

उमरीच्या शाळेत माझ्या खोलीच्या दारावर घड्याळ होतं, पण माझ्याशिवाय ते कुणी बघत नसे. शाळा गाडीवर चालायची. सकाळी नांदेडहून येणारी पॅसेंजर मुदखेडच्या बाजूनं शिटी देत आली की शिपाईमामा चुना मळलेला हात झटकून घंटेकडे निघायचे. आणि दुपारी पावणेपाचला धर्माबादकडून येणाऱ्या गाडीची शिटी लांबून, सोयाबीनच्या शिवारावरून तरंगत आली की वर्गावर्गांतली दप्तरं मिटायची. शाळा सुटायला तेव्हा पंधरा मिनिटं बाकी असत. पण शिकवणारे तोवर फलाटावर पोचलेले असायचे.

हे मला पहिल्या आठवड्यात कळलं नाही. मला वाटलं, मुलं थकत असतील.

मी लातूरची. वीस-बावीस वर्षं लातुरात शिकवलं. तिथं पहाटे साडेपाचला सायकली रस्त्यावर येतात. पोरं झोपेतच पॅडल मारत क्लासला जातात आणि धुक्यात त्यांची फक्त दप्तरं दिसतात. त्या गावात मिनिटाला किंमत आहे. माझा स्वभाव तिथंच घडला, की मूळचाच तसा होता, ते आता सांगता येणार नाही. पर्समध्ये छोटी डायरी, डायरीत यादी, झालेल्या कामापुढं बरोबरची खूण. भाजी असो की वार्षिक तपासणी, खूण झाल्याशिवाय मला झोप येत नाही. संस्थेनं मुख्याध्यापिका करून उमरीला पाठवलं तेव्हा मी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर अकरा कामं लिहिली. गावातच खोली घ्यायची. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ. प्रत्येक वर्गावर स्वतःचा एक तास. ग्रंथालयाच्या कपाटाची हरवलेली किल्ली. आणि या सगळ्यांच्या वर, लाल शाईनं, शाळेचं ध्येय ठरवणं.

ध्येय मी एका रविवारी लातूरच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत ठरवलं. तीन ओळी जमल्या. चांगल्या होत्या, आजही मला त्या वाईट वाटत नाहीत. सोमवारी सभा घेतली, ओळी वाचून दाखवल्या आणि विचारलं, "कुणाला काही सुचवायचंय?" कुणाला काही सुचवायचं नव्हतं. चार मिनिटांत सगळ्यांच्या सह्या झाल्या. पेंटर बोलावून ओळी दर्शनी भिंतीवर रंगवून घेतल्या, निळ्या अक्षरांत, पिवळी किनार देऊन. डायरीत लाल ओळीपुढं खूण केली आणि त्या रात्री छान झोपले.

शाळेत सहा शिक्षक नांदेडहून अपडाऊन करायचे. दहावीचे महत्त्वाचे विषय नेमके त्यांच्याकडेच. त्यांतले हिंदीचे सर बोलके होते. भिंतीसमोर उभे राहून ते मला म्हणाले, "म्याडम, अक्षर लई झ्याक आलंय. पेंटर कुठला?"

मी म्हणाले, "अक्षराचं राहू द्या, मजकूर कसा वाटला?"

"मजकुरावर आम्ही सही केली की."

ते चेष्टा करतायत की खरंच बोलतायत हे मला ठरवता आलं नाही. त्यांच्याबाबत पुढंही ते कधी नीट ठरवता आलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीला एक बाई आली. शाळा नुकतीच सुटली होती. ती थेट शेतातून आलेली, पदर कमरेला खोचलेला, हातांना खुरपणीचा हिरवा डाग. तिची मुलगी दहावीत होती. गावाबाहेरच्या वस्तीवरून रोज चालत यायची. मी बसा म्हणाले, पण ती दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी नव्या आलाव म्हणून विचारते. जुन्या सरांना विचारलं असतं तर ते म्हणले असते, बघू."

"विचारा ना ताई."

"शेवटच्या घंट्याला पोरींना कोण शिकवतंय?"

मी वेळापत्रक काढलं. दहावीचा शेवटचा तास, चार वीस ते पाच. सोमवार गणित, मंगळवार इतिहास, बुधवार विज्ञान. मी वाचत गेले आणि ती ऐकत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "हे कागदावरचं झालं. माझी लेक म्हणती, आई, शेवटच्या घंट्याला मी खिडकीतनं गाडी बघते. डबे मोजते म्हणती."

मी वेळापत्रक मिटलं.

"मला काय म्हणायचंय," ती म्हणाली, "की नुसती बसूनच यायची असंल तर कामून पाठवू? दिवाळी झाली की कापूस येतो. घरी ठेवते. परीक्षेपुरती येईल. पोरगी हुशार हाय, रडंल चार दिवस. पण रिकामं बसून यायची आदत लागली तर ती जन्माला पुरती, बाई."

तिचा मुद्दा सरळ होता. मी म्हणाले, "दिवाळीपर्यंत द्या. शेवटचा तास भरेल. नाही भरला तर मी तुम्हाला अडवणार नाही."

"जिम्मा तुमचा?"

"माझा."

तिनं मान हलवली. जाताना दर्शनी भिंतीपाशी थांबली. निळ्या अक्षरांकडे बोट करून विचारलं, "हे काय लिवलंय?"

मी तिन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"चांगलंय," ती म्हणाली. "किती वाजेपर्यंत असतंय हे?"

ती गेली. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. ऊन उतरलं होतं, मैदानातल्या लिंबाची सावली भिंतीवर आली होती आणि वाऱ्यानं ती हलली की अक्षरंही हलल्यासारखी वाटत होती. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा शंका आली की मी जिथं आले आहे ती शाळा वेगळीच कुठंतरी भरत असावी, आणि मी नुसत्या इमारतीत येऊन बसले आहे.

पण शंकेवर बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्याच दिवशी मी नोटीस काढली. पाचच्या आधी कुणीही शाळा सोडू नये. त्यावरही सगळ्यांच्या सह्या झाल्या.

तीन दिवस सगळे थांबले. दहावीच्या वर्गावर माणूस होता, हातात खडू होता, पण नजर खिडकीबाहेर. शिटी झाली की शिकवणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटायचं आणि मुलं ते तुटलेलं वाक्य वहीत उतरवायची. पुढची गाडी फार उशिरा. सहाही जण सोबतच स्टॅंडवर जाऊन जीपची वाट बघत उभे राहायचे. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर दुपारनंतरच्या रजेचे चार अर्ज होते. नियमात बसणारे, व्यवस्थित लिहिलेले. गणिताच्या सरांच्या अर्जात एकच कारण होतं, घरगुती अडचण. या माणसाला निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती, बोलणं मोजकं, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड. मी विचारलं, "सर, अडचण काय?" ते म्हणाले, "घरगुती." मी अर्ज मंजूर केला आणि मनात त्यांच्या नावापुढं फुली मारली.

नोटीस आठवडाभरही टिकली नाही. मग मी स्वतः शेवटचा तास घ्यायला लागले. माझा विषय भूगोल. नकाशे काढले, वारे वाहवले, नद्या समुद्राला मिळवल्या. पण आठवड्यातून दोनदा नांदेडला कार्यालयात जावं लागे आणि त्या दिवशी वर्ग पुन्हा रिकामा. एकदा मी वर्गात शिरले तर खिडकीजवळची ती मुलगी उभी राहिली. बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या, वहीच्या समासात सगळीकडे आकडेमोड. म्हणाली, "बाई, एक विचारू का? भूगोल आमचा दोनदा झालाय. गणिताचं प्रकरण अर्धंच राहिलंय."

वर्ग हसला. मीही हसले. पण दिवाळी दोन महिन्यांवर आली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी लातूरला जायचे. रविवारी संध्याकाळी परत निघून नांदेडला नणंदेकडे मुक्काम, आणि सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं उमरी. आमचे सहाही शिक्षक त्याच गाडीत असत. पण मी पुढच्या डब्यात बसायचे, कारण उमरीला उतरल्यावर बाहेर पडायची वाट तिथून जवळ पडते. चार मिनिटं वाचतात.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी रिक्षा उशिरा मिळाली. स्टेशनात शिरले तेव्हा गाडी हलायच्या बेतात होती. समोर आला तो डबा पकडला, अगदी शेवटचा. आत शिरले तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते कळेना. सहा माणसं शाळेत कधी हसलेली मी ऐकलीच नव्हती.

मी दोन बाकं अलीकडे, खिडकीशी बसले. त्यांना मी दिसत नव्हते. बाहेर नदीच्या अंगानं धुकं आलेलं, हळदीची हिरवी पानं धुक्यातून वर निघालेली, मध्येच केळीच्या बागा काळ्या पाण्यासारख्या सरकत होत्या. रविवारच्या प्रवासाचा शीण अंगात होता. झोप आणि जाग यांच्या मधल्या पट्टीत, चाकांच्या ठेक्यावर, मला त्यांचं बोलणं ऐकू येत राहिलं.

"ती खिडकीतली पोरगी," गणिताचे सर सांगत होते. आवाज त्यांचाच होता, पण मोकळा, दहा वर्षांनी लहान. "मी त्रिकोणाचं एका रीतीनं सोडवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं वही आणली. दुसरी रीत. माझ्यापेक्षा दोन पायऱ्या कमी."

"मग तुम्ही काय केलं?" हे हिंदीचे सर.

"काय करणार? फळ्यावर तिचीच लिहिली."

"म्हणजे पगार तुम्हाला अन् शिकवून राहिली ती."

पुन्हा हसणं. मग इतिहासाच्या बाई दुसऱ्या एका मुलाबद्दल बोलायला लागल्या, त्याला अक्षरं दिसत नाहीत, चष्मा लागलाय, घरी सांगितलं पाहिजे. विज्ञानाचे सर म्हणाले, मी त्याच्या काकाला ओळखतो, मी बोलतो. एकेक मूल त्या डब्यात येऊन बसत होतं आणि उठून जात होतं. मुदखेडला गाडी थांबली. फलाटावर फुलांच्या करंड्या ठेवल्या होत्या आणि सगळा डबा शेवंतीच्या वासानं भरून गेला. मला त्या वासात, डोळे अर्धे मिटून, स्पष्ट दिसलं की शाळा कुठं भरते.

गाडी हलली तसा माझा तोल गेला, पर्स पडली आणि त्यांनी मला पाहिलं. हसणं कापल्यासारखं थांबलं.

इतिहासाच्या बाईंनी शेजारच्या जागेवरची डब्याची पिशवी उचलली. "या म्याडम, इकडं बसा. ही जागा रिकामीच असते. आधीचे मोठे सर बसायचे इथं."

"रिटायर होईपर्यंत," हिंदीचे सर म्हणाले. "आम्ही अजून कुणाला बसू दिली न्हाई. पिशवीला बसवतो."

त्यांनी मला धपाटं दिलं, दह्याची वाटी पुढं केली. उमरी येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मीही नाही. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम शेवटचा डबा गाठला. त्याच्या पुढच्याही. तीन सोमवार मी नुसतं खाल्लं आणि ऐकलं. डायरी पर्समधून काढली नाही. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.

चौथ्या सोमवारी मी त्यांना त्या आईची गोष्ट सांगितली. दारातच उभी राहिलेली, कापसाचं बोललेली. मी घेतलेला जिम्मा सांगितला. शेवटी भिंतीसमोर तिनं विचारलेला प्रश्न सांगितला. किती वाजेपर्यंत असतंय हे?

सगळे मोठ्यानं हसले. मग एकेक जण हसायचा थांबला.

गणिताचे सर बाहेर बघत होते. म्हणाले, "डबे मोजते म्हणाली?"

"हो."

"मी तिसऱ्या डब्यात असतो. संध्याकाळी."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मिसेसची नजर गेल्या दोन वर्षांत जवळजवळ गेली होती. दिवसा उजेड-अंधार कळतो, पण दिवेलागणीनंतर काहीच नाही. संध्याकाळी त्या गॅस पेटवत नाहीत, भीती वाटते. दारात खुर्ची टाकून बसतात. "सव्वासहाला मी गल्लीत शिरतो. तिला माझ्या चपलेचा आवाज कळतो. इतक्या चपला जातात, पण माझी कळते. मग उठून आत जाते. तोवर उठत न्हाई."

मला माझ्या मनातली फुली आठवली. घरगुती अडचण एवढंच त्यांनी लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. कागदावर याहून जास्त मावत नाही.

त्यानंतर त्या डब्यात प्रत्येकानं आपापलं सांगितलं. कुणाची मुलगी शाळेतून परत येते तेव्हा घराला कुलूप असतं. कुणाच्या वडिलांना संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर नेऊन बसवावं लागतं, नाहीतर ते जेवत नाहीत. विज्ञानाच्या सरांना दुसऱ्या मजल्यावर पाणी भरायचं असतं. हिंदीचे सर म्हणाले, "माझी कुणी वाट बघत न्हाई. पण मी घरी नसलो की बायकोला सुख मिळतं, अन् ते मला बघवत न्हाई."

"मग तुम्हीच थांबा की रोज," इतिहासाच्या बाई म्हणाल्या.

"एक दिवस थांबतो. जास्त सुख दिलं तर तिला आदत लागंल."

तिथूनच निघालं. एका दिवशी एकानं थांबायचं. दहावीच्या वर्गावर, आपापल्या विषयाला, पाच वाजेपर्यंत. बाकीच्यांनी गाडी पकडायची. थांबलेल्यानं स्टॅंडवरून जीपनं जायचं. गणिताचे सर म्हणाले, गुरुवारी शेजारची पोरगी मिसेसजवळ येऊन बसू शकेल, गुरुवार माझा. मंगळवार बाईंचा. असं बोलता बोलता शिवणगाव मागं पडलं आणि आठवडा भरला. यात माझं एकही वाक्य नव्हतं.

मी डायरी काढली. पेनचं टोपण उघडलं.

"बाई, लिहू नका," गणिताचे सर म्हणाले.

"का? विसरायला नको."

"लिहिलं की माणूस कागद बघतो. आज आपलं नाव न्हाई, म्हणून सुटतो. आतापर्यंत तेच करून राहिलो आम्ही."

मी टोपण लावलं. हिंदीचे सर सगळ्यांना म्हणाले, "म्याडमचं बोट बघा. खूण करायला शिवशिवून राहिलंय."

शिवशिवत होतं, हे खरं आहे.

त्यानंतरचे ते चार-पाच आठवडे मला आजही एका लांबलचक दुपारसारखे आठवतात. दहावीची खोली पश्चिमेला. चार वाजता ऊन खिडकीतून आत यायचं, साडेचारला फळ्यावर चढायचं, आणि मग खडूची धूळ त्यात अशी तरंगायची की लिहिलेली गणितं हवेत उठून उभी राहिल्यासारखी वाटायची. मी व्हरांड्यातून जायचे आणि पावलं आपोआप हळू व्हायची. आत इतिहासाच्या बाई निजामाच्या काळातल्या शाळेची गोष्ट सांगत असायच्या, किंवा हिंदीचे सर एखाद्या पात्राचा आवाज काढत असायचे. मग शिटी यायची. पहिल्या आठवड्यात सगळी डोकी खिडकीकडे वळली. दुसऱ्या आठवड्यात निम्मी. मी खांबाआडून बघायचे. तेवढं तरी मोजायची परवानगी मी स्वतःला दिली होती. गाडी निघून गेली की गावावर एक शांतता उतरायची, आणि त्या शांततेत वर्गातला एकटा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. शिपाईमामा स्टुलावर बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, "बाई, हा घंटा आपल्या शाळेत होता, हेच मी विसरून गेलतो."

आई मात्र परत आली नव्हती. मुलगी रोज येत होती. तिला विचारावं असं अनेकदा वाटलं, पण विचारलं नाही. जिम्मा मी तिच्या आईकडे घेतला होता.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. त्या सोमवारी सुट्टी आली होती, म्हणून मंगळवारी आठवडा सुरू झाला. साडेचार उलटून गेले होते, मी खोलीत परीक्षेचे कागद लावत होते. खिडकीतून फाटक दिसतं. फाटकातून ती आई आत आली. डोक्यावर गाठोडं. माझ्या खोलीकडे तिनं बघितलंही नाही. सरळ व्हरांड्यात चढली आणि दहावीच्या वर्गाकडे निघाली.

आज पाळी कुणाची? मंगळवार म्हणजे इतिहासाच्या बाई. पण सोमवार बुडाला, तेव्हा सोमवारवाले आज, असं तर ठरलं नसेल? ठरलं असेल तर कधी? हात पर्सकडे गेला. डायरीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी शिक्षकखोलीकडे अक्षरशः धावले.

आत तिघं बसले होते. इतिहासाच्या बाई, हिंदीचे सर, विज्ञानाचे सर. पिशव्या मांडीवर, चपला पायात, आणि वाद जोरात.

"आज मंगळवार, म्हणजे माझाच," बाई म्हणत होत्या.

"अहो, सोमवार बुडाला, तो पुढं सरकणार की! माझा सोमवार," हिंदीचे सर.

"सगळंच सरकलं तर माझं पण सरकलं असंल. मला वाटलं तुम्ही दोघंही जाल. म्हणून मी थांबलो," विज्ञानाचे सर म्हणाले.

"म्हणजे तिघंही थांबलात," मी म्हणाले. "आणि वर्गावर कोण आहे?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"गणिताचे सर घुसलेत," हिंदीचे सर म्हणाले. "आम्ही भांडेपर्यंत त्यांनी खडू उचलला."

"त्यांचा तर गुरुवार!"

"त्यांना वाटलं, आमच्यापैकी कुणीच थांबणार न्हाई."

तेवढ्यात शिटी झाली. लांबून, शिवारावरून, नेहमीसारखी. चौघांची गाडी. तिघंही मान वर करून ऐकत राहिले, जशी लहान मुलं आकाशातलं विमान ऐकतात. कुणी उठलं नाही. उठून उपयोगही नव्हता.

मी व्हरांड्यात आले. आई खिडकीचे गज धरून उभी होती. गाठोडं पायाशी. आत उन्हात फळा पेटल्यासारखा दिसत होता. तिची मुलगी फळ्यापाशी, पाठ आमच्याकडे, खडूनं एकेक पायरी उतरवत होती आणि गणिताचे सर बाजूला, मागच्या बाकावर विद्यार्थ्यासारखे बसले होते. शिटीनं वर्गातलं एकही डोकं हललं नाही. हललं ते आईचं. तिनं रुळांच्या दिशेला बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी गेली की."

"गेली."

"मास्तर कसे जाणार?"

"स्टॅंडवरून जीपनं."

"घरी कोण हाय त्यांच्या?"

मी सांगितलं. दारातली खुर्ची, नजर, चपलेचा आवाज. ती गजांवरचा हात न काढता ऐकत होती. आत मुलीनं उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि वर्गात कुणीतरी टाळी वाजवली.

आईनं गाठोडं सोडलं. सीताफळं होती. त्यातली हातानं दाबून दाबून चार पिकलेली निवडली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "त्या बाईला द्या म्हणावं. डोळ्याला दिसत नसलं तरी हाताला कळतंय हे फळ."

मला विचारायचंच होतं. "ताई, दिवाळीनंतरचं काय ठरवलं?"

ती गाठोडं बांधत होती. "कापूस काय पळून जातोय? इतवारी वेचू." गाठ आवळून तिनं पुन्हा एकदा आत बघितलं. "तिला सांगू नका मी आलते म्हणून. उगं चढंल."

मुलीला न भेटताच ती फाटकाबाहेर गेली. वस्तीच्या वाटेवर तिचं डोक्यावरचं गाठोडं बराच वेळ दिसत होतं, उन्हात हळूहळू लहान होत जाणारं.

पाचची घंटा झाली. गणिताचे सर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोनवर बोलत होते. "आज चप्पल उशिरा वाजंल. न्हाई, गाडीची चूक न्हाई... माझीच म्हण. शेजारच्या पोरीला बोलाव. अन् आत जाऊन बस." मग थोडं थांबून, अगदी खालच्या आवाजात, "दोन पायऱ्या कमी, आज पण." मी सीताफळं त्यांच्या पिशवीत ठेवली आणि कुणी दिली ते सांगितलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली, खांद्याला अडकवली नाही.

स्टॅंडवर जीप उभी होती, आधीच भरलेली. चौघं कसेबसे त्यात बसले, इतिहासाच्या बाई पुढं, तिघं मागं एकमेकांच्या मांड्यांवर. मी निरोप द्यायला गेले होते. सांजेचा उजेड केशरी झाला होता आणि कापसाच्या वावरांवर तो इतका मऊ पसरला होता की आवाजसुद्धा त्यातून हळू यावेत असं वाटत होतं.

"उद्याची पाळी कुणाची, तेवढं ठरवून जा," मी म्हणाले.

"बुधवार म्हणजे माझा," विज्ञानाचे सर म्हणाले.

"सरकला तर माझा," बाई पुढून ओरडल्या.

"लिहून ठेवलं असतं ना म्याडमनी, तर ही वेळ आली नसती," हिंदीचे सर म्हणाले, आणि जीप निघाली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं. गणिताचे सर पिशवी सांभाळत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं थांबले.